श्वासाच्या निळ्या खुणा

मी, गुणवंत विष्णू देवस्थळी, वय ६९, मूळचा चिंचवडचा, सध्या राहणार रोल्ला, शारजा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. फक्त दमलो आहे, आणि दमणे कायद्याच्या आड येत नाही असे वकिलांनी सांगितले.

१. चिंचवडचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक पत्नी शोभना हिला, तिच्यामागे मुलगी आभा हिला. गॅलरीला शोभनाने लावलेल्या जाळीवरून आम्ही सहा महिने भांडलो. जाळी राहू द्यावी.

२. माझी ड्रॉइंगची पेटी आभाला. “बाबा, नोबडी ड्रॉज बाय हँड एनीमोर,” असे ती म्हणाली आहे. तरी घ्यावी.

३. सूर लावायचा स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) आणि ‘भरती’ची वही परेश चाळके, राहणार चिपळूण, यांना. याचा खुलासा करणे भाग आहे.

‘भरती’ हे आम्ही दिलेले नाव. शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज संगीतकाराने समुद्र ऐकून रचलेले हे समूहगान. शब्द नाहीत, नुसता ‘आ’कार. आमचे इथले हौशी गायकांचे मंडळ ते बसवत होते. त्यातला शेवटचा खर्जाचा सूर एका श्वासात कोणालाच पुरत नाही. म्हणून शेजारच्या दोघांनी जोडी करायची. एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा. माझी जोडी परेशशी. वहीत त्याच्या श्वासाच्या खुणा निळ्या पेन्सिलीने, माझ्या तांबड्या. २००८ संपेपर्यंत खर्जातले बाकीचे मंदीत नोकऱ्या जाऊन भारतात परत गेले आणि आम्ही दोघेच उरलो.

परेश माझ्याच ऑफिसात, माझ्या हाताखाली होता. कार्यक्रम जानेवारीत, शुक्रवारी. त्याच आठवड्यात सोमवारी कमी करायच्या माणसांची यादी माझ्या टेबलावर आली. त्यात त्याचे नाव होते. कार्यक्रम होऊ दे, मग सांगू, असे म्हणून मी गप्प बसलो. बुधवारी तालमीत त्याने मला हसत सांगितले की दर्शनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, इकडे यायचे म्हणून चिपळूणच्या शाळेतली कायमची नोकरी आजच सोडली. तरीही मी बोललो नाही.

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला.

“काका, काल ऑफिस सुटताना लेटर मिळालं. आज गायला येत नाही. तुम्हाला माहीत होतं का?”

“छे रे,” मी म्हणालो.

संध्याकाळी तो सूर मी एकट्याने धरला. अर्ध्यावर तुटला. पुढे सहा वर्षे मी सगळ्यांना सांगत आलो की परेशने मला ऐन वेळी तोंडघशी पाडले. ते विधान येथे मागे घेतो. मला त्याची लाज वाटते.

आभाने वही टपालाने पाठवू नये. स्वतः चिपळूणला जावे आणि दर्शनासमोर परेशला सांगावे: हो, बाबांना माहीत होतं.

४. साक्षीदारांना काही देऊ नये असे वकील म्हणतात, नाहीतर आरामखुर्ची शेजारी तय्यब यांना दिली असती. वरचे कलम त्यांना हिंदीत वाचून दाखवले. ते म्हणाले, “गुणवंतभाई, वो भी ज़िंदा है, तुम भी ज़िंदा हो. फोन कर लो, खलास.”

त्यांचे बरोबर आहे. नंबर मला पाठ आहे. आज सकाळी दोनदा लावला आणि पलीकडे वाजायच्या आत बंद केला. म्हणून कलम ३ आहे तसेच ठेवून सही करत आहे.

गुणवंत विष्णू देवस्थळी (सही)

आमच्यादेखत सही झाली:
१. तय्यब अन्सारी (सही)
२. हेमा करमरकर (सही)

शारजा, १२ मार्च २०१५