चार वाफ्यांची नोंद

दिनांक ३ मार्च २०२६, मंगळवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. खताचा ढीग पालटून, हात दोनदा धुऊन मी हे लिहायला बसलो आहे.

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, भाजीपाला पिकवतो. गटातले लोक मला वहीवाला म्हणतात. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. धाकधूक आहे, पण तिला वेड म्हणत नाहीत, असे वकिलाच्या कारकुनाने सांगितले. येत्या सोमवारी, नऊ तारखेला, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "शंभरात दोन दगावतात." मी विचारले, "कितवे?" ते हसले. म्हणून हे मृत्युपत्र. यापूर्वी केलेले नाही.

१. जमीन. माझ्या वाट्याची दीड एकर जमीन वहिनीला द्यावी, दादाला नाही. दादाचे कीटकनाशकांचे दुकान आहे. देशभर सेंद्रिय शेती वाढावी म्हणून सरकारने योजना काढली, तिच्यात आम्ही सात शेतकऱ्यांनी गट केला. तीन वर्षे रसायनाचा थेंब न पडलेल्या जमिनीलाच प्रमाणपत्र मिळते, आणि सातही जण एकमेकांना जामीन असतात. एकाचे खोटे निघाले तर सातांचे जाते. आमची तीन वर्षे भरत आली. बारा तारखेला शेवटची तपासणी आहे. जमीन दादाकडे गेली तर पहिल्याच अळीला तो फवारेल. तो म्हणतो, "तुझी भाजी किड्यांना आवडते, गिऱ्हाइकांना कुठे आवडते?" वहिनी म्हणाली, "भाऊजी, जाता जाता माझ्या घरात भांडण लावून जाणार का?" होय. पण ती वाफे राखेल.

२. बचत. बँकेतले एकेचाळीस हजार सहाशे. निम्मे वहिनीला, बियाण्यासाठी. निम्मे दादाला. त्यातून त्याने दवाखान्याचे बिल भागवावे, आणि पुरले नाहीत तर मला नावे ठेवू नयेत.

३. अवजारे. खुरपी, चाळणी, वजनकाटा वहिनीला. हिरवी पट्टी रंगवलेला पाठीवरचा फवारणीचा पंप गटाला. तो कोणाला उसना देऊ नये, दुसऱ्याचा आणू नये. कारण पुढे आहे.

४. राग आणि कबुली. गेल्या वर्षी चौदा जुलैला माझ्या पंपाचे तोंड तुंबले. किडीवर फवारायचा लसणाचा अर्क नासत होता म्हणून दादाचा पंप आणला. "धुतलाय का?" असे विचारले. तो म्हणाला, "धुतलाय रे. हवं तर पाणी पी त्यातलं." तळाशी तणनाशक होते. चौथ्या दिवशी घेवड्याचे चार वाफे पिवळे पडले. तपासणीसाठी ठेवायच्या शेताच्या वहीत मी लिहिले, 'उन्हाने करपले.' अक्षर चांगले आले होते. दादावरचा राग मी निम्मा सोडतो. न हुंगता पंप भरला तो मीच. माझ्या मृत्यूनंतर गटाने ही नोंद सुधारावी आणि ते चार वाफे वगळावेत, म्हणजे दोष माझ्यावर राहील आणि गट वाचेल.

५. पुरवणी, दुपारी बारा वाजता. साक्षीसाठी गटप्रमुख काकू आणि टपालवाला आले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे मी सांगितले. काकू म्हणाल्या, "सात जणांच्या वह्या वाचून सही करते मी. ही सही तेवढी न वाचता?" वाचून त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "मेल्यावर सांगणार होतास? मग आम्ही शिव्या कोणाला द्यायच्या?"

मी म्हणालो, "गट वाचावा म्हणून."

"म्हणजे तू गेलास तर आम्ही खरे, आणि राहिलास तर खोटे. छान. वही आण."

वहीतली ओळ मी त्यांच्यासमोर खोडली, खरी लिहिली, दोघांनी सह्या केल्या. त्या चार वाफ्यांची तीन वर्षे चौदा जुलैपासून नव्याने मोजायची. काकूंनी अंगणातूनच तपासनिसाला आणि बाकी पाच जणांना फोन केले. एकाचे बोलणे मला खोलीत ऐकू आले. ते येथे लिहिण्यासारखे नाही. प्रमाणपत्राचे काय होईल ते बारा तारखेला कळेल. कलम चारमधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द रद्द.

हा सर्व मजकूर माझ्या हातचा असून, दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सही: वहीवाला
साक्षीदार: १. गटप्रमुख काकू २. टपालवाला
ठिकाण: घराची मागची खोली. ३ मार्च २०२६, दुपारी एक वाजता.

खर्च: कारकून ३००, कागद ४०, पेन १०. एकूण ३५० रुपये.
देणे: चार वाफ्यांवर घेतलेले अनुदान १,१८०; त्यांतला उरलेला घेवडा बिनरसायनाचा म्हणून विकला, त्याचा जादा भाव ६२०. एकूण १,८०० रुपये.
फेडणार कोण: मी स्वतः, दवाखान्यातून आल्यावर. बचतीतून वजा केलेले नाहीत.