दाराआडची नोटीस

३ फेब्रुवारी, सोमवार

परवान्याच्या अर्जाची फी पावतीवर छापलेली आहे. खरा खर्च पावतीवर येत नाही, तो इथे लिहून ठेवतो. कचेरीच्या फेऱ्या — अकरा. उजव्या चपलेचा अंगठा. हिचे फोटो — नऊ. जागा हिच्या नावावर, म्हणून अर्जही हिच्याच नावाने. नवव्या फोटोत फोटोवाल्याकडे अशी बघते आहे की परवान्याऐवजी तुरुंगच मिळावा. मेहुण्याशी बोलचाल — "दारू विकणार असाल तर आमच्या दारात येऊ नका" म्हणाला. (तो आमच्याकडे आला की आठ आठ दिवस हलत नाही. तेव्हा हा खर्च की बचत, अजून ठरलेलं नाही.) आणि एक फ्रेम, सोनेरी काठाची. आजच घेतली. रिकामीच गल्ल्यामागे टांगली.

ही म्हणाली, "मूल पाळण्यात नाही आणि तुम्ही शाळा शोधताय."

फ्रेमचं कारण तिला ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी ज्या बारमध्ये मी ग्लास विसळायचो, तिथल्या परवान्याची काच रोज सकाळी मलाच पुसावी लागे. आत मालकाचं नाव, वर माझा चेहरा. तेव्हाच ठरवलं होतं.

पण हौस बाजूला ठेवू. पुलापलीकडच्या हॉटेलवाल्याने बिअरचा परवाना काढला तेव्हापासून संध्याकाळी आपल्या हॉटेलातली चौदा टेबलं माशा मारत बसतात. आचाऱ्याने परवा सहज विचारलं, पुलापलीकडे पगार किती देतात. असं सहज कोणी विचारत नाही. उन्हाळ्यापर्यंत परवाना मिळाला नाही, तर दाराला कुलूप.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नियम असा — अर्जाची नोटीस एकवीस दिवस दर्शनी दारावर, बाहेरच्या बाजूला लावायची. कोणाची हरकत असेल तर त्याने लिहून कळवायची.

लावली. दाराच्या डाव्या फळीवर, बाहेरच्याच बाजूला, चारी कोपऱ्यांना खिळे. आता धंद्याच्या वेळी डावी फळी उघडून भिंतीला टेकलेली असते. म्हणजे नोटीस दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभी, शिक्षा झालेल्या पोरासारखी. रात्री दार लावलं की ती बाहेर. तेव्हा वाचणार कोण? कुत्री.

नियमही पाळला आणि कोणाच्या डोळ्यांवरही आलो नाही. अकरा फेऱ्यांत माणूस एवढं तरी शिकतो.

१४ फेब्रुवारी

हरकत — शून्य.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हरकत — एक.

कचेरीतल्या कारकुनाने बोलावून सांगितलं. (त्याला मी उद्या-या म्हणतो. कधीही जा, "उद्या या.") हरकत घेतली आहे हॉटेलमागच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी. त्या पहाटे पाचला फिरायला निघतात. कुत्र्यांच्याही आधी उठणारं माणूस गावात असेल, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे पाचला हॉटेलसमोर उभा राहिलो. बाई आल्या. पायांत कॅनव्हासचे बूट, हातात बॅटरी.

"बाई, एवढ्या थंडीत?"

"काय करणार, तुमची नोटीस इतर वेळी वाचायला मिळत नाही."

मी हसलो. माणूस खरं बोलला की मला राग येत नाही. म्हटलं, "बाई, बिअर मोठी माणसं पिणार. कोणाला त्रास होणार नाही."

"मोठ्यांचं मोठे बघतील. तुमच्या गल्ल्यावर ती काचेची बरणी आहे ना? सुटी सिगारेट विकता, एकेक. माझ्या शाळेतल्या मुलांना अख्खं पाकीट परवडत नाही. एक परवडते."

"अहो, पण विषय बिअरचा आहे."

"तुमचा असेल," म्हणाल्या आणि चालू पडल्या.

समोरचा विषय बदलायला लागला की समजावं, मुद्दा संपला. तंबाखूच्या परवान्यात फक्त बंद पाकीट विकायला मुभा आहे, हे मलाही माहीत आहे. पण सुटी कोण विकत नाही?

घरी चहा पिताना हिला बाईंची नक्कल करून दाखवली — बॅटरीसकट. हसली नाही. एवढंच म्हणाली, "बरणी म्हणाल्या?"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

देवाने मला रंगरूप बेताचंच दिलं, पण कान दिले.

कचेरीच्या जिन्यात चपलेचा अंगठा ठीक करत बसलो होतो. आत उद्या-या शेजारच्याला सांगत होता, "वाचनालयवाल्यांचा अर्ज आला का? दरवर्षी एका दिवसाचा परवाना घेतात. देणगीदारांना जेवण घालतात ना, त्यात वाइन असते."

वाचनालयाच्या अध्यक्ष कोण? आपल्या बाई!

बॅटरीवाल्या बाईंच्या अंगणातच अंधार! हरकतीवरची सुनावणी १३ मार्चला. परवाना समितीच्या तीन सभासदांसमोर हे काढलं की बाई खुर्चीत बसतील आणि उठणार नाहीत.

४ मार्च, मंगळवार

गल्ल्यावरची बरणी दिसेना. हिला विचारलं.

"घासायला काढली."

"गिऱ्हाईक सुटी मागतंय."

"पाकीट द्या. नको असेल तर जाऊ दे."

वाद घातला नाही. सुनावणी जवळ आली की बायकामाणसं बिथरतात.

१० मार्च, सोमवार

भाषणाची तालीम. आचाऱ्यासमोर म्हणून दाखवलं. ग्लास विसळण्यापासून सुरू करून वाचनालयाच्या वाइनपर्यंत. आचारी रडला. कांदा चिरत होता हे खरं, पण शेवटी शेवटी जास्त रडला.

११ मार्च

ही कचेरीत जाऊन आली. एक सही राहिली होती म्हणे. एका फेरीत काम झालं! बायकांना उद्या-या आजच भेटतो.

१२ मार्च, बुधवार

रात्री ही म्हणाली, "उद्या जायलाच हवं का तुम्ही?"

"म्हणजे? रण सोडून पळू?"

मग म्हणाली, "जा. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय."

घाबरली आहे बिचारी.

१३ मार्च, गुरुवार

जिंकलो.

सविस्तर लिहितो, म्हातारपणी वाचायला. खोली लांबट, पंखा एक, टेबलामागे तिघे. हरकतदारांची खुर्ची रिकामी. बाई आल्याच नाहीत! वाचनालयाची गोष्ट मला कळली, हे त्यांच्या कानावर गेलं असणार. गावात फक्त मलाच कान आहेत असं थोडंच आहे.

उद्या-या फाइल घेऊन पुढे आला. "अहो, पण यांचं तर—" म्हणायला लागला. मी त्याला हातानेच थांबवलं. असल्या वेळी कारकुनाला बोलू दिलं की फायली उघडतात आणि परवाने मिटतात. समितीचे अध्यक्ष हसून म्हणाले, "राहू दे. आलेच आहेत, तर बोलू दे त्यांना."

बोललो. सतरा मिनिटं, कागद न बघता. सोळाव्या वर्षीचे ग्लास, पुसलेली काच, चौदा टेबलं, आचाऱ्याचा पगार — आणि शेवटी त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून, "ज्यांना माझी बिअर खुपते, त्यांच्याच वाचनालयात दरवर्षी वाइन वाढतात!" एका सभासदाने चष्मा काढून डोळे चोळले. अध्यक्ष म्हणाले, "छान बोलता तुम्ही. परवाना मंजूर आहे. आदेश टपालाने येईल."

झालं! ना खल, ना प्रश्न. सतरा मिनिटांत तीन माणसं फिरवली. दगडाला पाझर फोडतात म्हणतात, ते कसं, ते आज मी पाहिलं — फोडणारा मीच होतो.

घरी येऊन हिला सगळं भाषण पुन्हा ऐकवलं, उभं राहून. शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग शर्ट धुवायला टाकला.

१५ मार्च, शनिवार

बाई हॉटेलात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थेट हिच्या टेबलाशी जाऊन बसल्या, दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी स्वतः चहा नेऊन दिला. हरलेल्या माणसाशी मी नेहमी गोड बोलतो, त्यात आपलं काही जात नाही.

"बाई, चहाचे पैसे घेणार नाही."

"घ्या," म्हणाल्या आणि मोजून ठेवले. "फार छान बोललात म्हणे."

मोठ्या मनाची बाई आहे, कबूल केलं पाहिजे. मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं, त्या रिकाम्या खुर्चीवरून. सांगितलं नाही.

आचारी पुलापलीकडच्या पगाराबद्दल आता विचारत नाही.

१७ मार्च, सोमवार

आदेश आला. "सुट्या सिगारेटची विक्री कायमची बंद केल्याचे अर्जदार महिलेने समक्ष लिहून दिले. हरकतदारांनी त्याच वेळी हरकत मागे घेतली. परवाना मंजूर."

फ्रेममध्ये घातला. काच पुसली. आत हिचं नाव, वर माझा चेहरा.

अध्यक्षांच्या सहीखाली तारीख आहे — ११ मार्च. मी बोललो तेराला.