जिन्यापुढची मूर्ती

आई,

तू गेलीस तेव्हा माझी लेक रांगत होती. आता ती खारघरला नोकरीला जाते आणि मोबाइलवर अंगठा कसा फिरवायचा ते मला शिकवते. एवढ्या वर्षांत तुला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण कधी कागद घेऊन बसले नाही. सांगण्यासारख्या गोष्टी चारचौघांत सांगून संपतात. ही संपली नाही, कारण चारचौघांना मी ती वेगळीच सांगितली आहे.

पनवेलजवळ विचुंब्याला माझा गणपतीचा कारखाना आहे, हे तुला कुठून माहीत असणार? कारखाना म्हणजे एका नव्या बिल्डिंगचं बेसमेंट. गाड्या लावायला बांधलेलं, पण बिल्डिंग निम्मी रिकामी, म्हणून सोसायटीनं मला भाड्यानं दिलं. पेणला तू जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात बसून मूर्तींचे डोळे काढलेस. माझ्या नावाची पाटी पाहिली असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस, आणि मग आत येऊन पहिल्याच मूर्तीत चूक काढली असतीस. आम्ही फक्त शाडूच्या मूर्ती करतो. साचे भरायला पेणचेच एक काका आहेत, गुडघ्यानं अधू आणि तोंडानं तिखट. मुकुट, हार, सोंडेवरची नक्षी यांवर खडे लावायचं काम भाभीचं. भाभी जुन्या पनवेलची, मशिदीमागच्या गल्लीतली. नवरा कुवेतला. पहिल्या दिवशी कामाला आली तेव्हा तिनं बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या आणि मला स्वच्छ सांगितलं, "ताई, डोळे काढायच्या आधी मूर्ती माझ्याकडे द्या. डोळे झाले की मी हात लावणार नाही. उद्या काही तुटलं-फुटलं तर नाव माझंच येईल." मी हसण्यावारी नेलं. तिनं मात्र तो नियम कधी मोडला नाही. डोळे झालेल्या मूर्तीजवळून जाताना ती ओढणी गोळा करून जायची. दुपारची नमाज पढायला तिला जागा नव्हती, जिकडे तिकडे आमचे गणपती. बेसमेंटच्या टोकाला पाण्याच्या पाइपांचा आणि केबलींचा एक बोगदा आहे, रस्त्याखालून जातो आणि पलीकडच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये निघतो. त्याच्या तोंडाशी ती चटई टाकायची. आम्ही तिथं कधी डोकावलोही नव्हतो. तिनं मात्र तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून ठेवला होता, कारण त्या बाजूला नळ होता आणि नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, वजूला, तिथंच जावं लागे.

डोळे अर्थात माझे. भाकरी झाल्या की तू गरम तवा पालथा घालायचीस आणि त्याच्या काळ्या पाठीवर मला चुन्यानं डोळे काढायला लावायचीस. जेवायला बसलेले बाबा म्हणायचे, पोरीला घास तरी गिळू दे. तू पुसायचीस आणि म्हणायचीस, "परत काढ. यो डोला झोपेतला हाय." एकदा कारखान्यात माझ्या हातून एक मूर्ती पडली, सोंड तुटली, आणि मी देव मेला म्हणून भोकाड पसरलं. तू ती उचलून भिजवायच्या टाकीत टाकलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. "रडतंस कशाला? माती हाय ती. भटजी मंत्र म्हनंल तवा देव. आज नाय." हे मी तुझ्याकडून शिकले, आई. इतकं पक्कं शिकले की झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं तरी हेच उत्तर दिलं असतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. त्या वर्षी मी हावरटपणा केला, जागेपेक्षा जास्त मूर्ती घेतल्या. मांडण्या लावता लावता जिन्याच्या दारापर्यंत आलो. दाराच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या मांडण्या आणि बरोबर दारापुढे एका मंडळाची मोठी मूर्ती, माझ्या खांद्याला लागेल एवढी. काका म्हणाले होते, "जिना बंद केलास, बाये." मी म्हटलं, "आपण काय जिन्यानं जातो? रॅम्प आहे की." त्या दुपारी वरून पाऊस आणि खाडीला भरती, दोन्ही एकदम. गाढी नदीला जायला जागा उरली नाही आणि ती आमच्याकडे वळली. आधी रॅम्पवरून पाण्याची एक जाड धार आली. दुसऱ्या कुणी काय केलं असतं? पळालं असतं. आम्ही खालच्या फळीवरचे घरगुती गणपती उचलून वरच्या फळीवर ठेवत बसलो. दुसरा कुठला धंदा असता तर माणसं केव्हाच बाहेर गेली असती. शाडूला पाणी लागलं की तिचा चिखल होतो, आणि वर्षभराची मेहनत चिखल होताना पाहवत नाही, एवढंच तेव्हा सुचत होतं. मान वर केली तोवर पाणी गुडघ्यावर आणि रॅम्पवरून असा लोट की काकांनी दोनदा चढायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा आडवे होऊन परत आले. लाइट गेले.

राहिला जिना. भाभी आणि मी मूर्तीपाशी पोचलो, काका मागे एका खांबाला धरून उभे. दार आतल्या बाजूला उघडणारं, त्यामुळे मूर्ती हलल्याशिवाय उघडणार नाही. भाभीनं एक हात मूर्तीच्या खांद्यापासून वितीवर धरला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, ही आडवी केली की दार उघडतं. ढकलू का?"

मी म्हटलं, "नको. डोळे झालेत. पाप लागेल."

काका खांबापासून ओरडले, "अगं माती हाय ती! ढकल!" भाभीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मालकीण मी, देव माझा, शब्द माझा हवा होता. दोघींच्या रेट्यानं ती मूर्ती एका क्षणात आडवी झाली असती आणि आम्ही तिघंही कोरड्या जिन्यावर असतो. मी म्हटलं, उचलून बाजूला घेऊ. ओल्या शाडूची तेवढी मूर्ती दोन बायका कशी उचलणार? आम्ही खालचा पाट ओढत राहिलो, तो तसूभरही सरकला नाही, पाणी कमरेला आलं. मग डावीकडची मांडणी पायातून सुटली, बांबू आणि फळ्या दारात अडकल्या, आणि जिना संपला.

"बोगदा," भाभी म्हणाली.

ती पुढे, मधे मी, मागे काका. तिनं मोबाइल ओढणीनं डोक्याला बांधला आहे, त्याच्या उजेडात फक्त तिचे खांदे आणि वरचं ओलं सिमेंट दिसतं. आत ताठ उभं राहता येत नाही. पाणी छातीशी, मान वाकडी, उजव्या हाताला पाइप. "पाइप सोडू नका," ती पुन्हा पुन्हा सांगते, "चाचा, पाइप धरलाय ना?" काका शिव्या देतात, म्हणजे धरलाय. छतावर झुरळांची रांग आमच्याच दिशेनं चालली आहे. एक उंदीर माझ्या खांद्यावर चढतो, तिथून केबलीवर जातो. भाभी पुटपुटत दुआ म्हणते आहे, आणि मी देवाचं नावसुद्धा घेत नाही, मला ते आठवतच नाही. रस्त्याच्या खाली आल्यावर जमीन उतरते. तिथं पाणी आणि छत यांच्यात फक्त चेहरा मावेल एवढी फट. भाभी थांबते. "नाक वर करून मागे झुकून चालायचं. थोडंच आहे, पलीकडे चढ लागतो." ती जाते. मी जाते. कानात पाणी, डोळ्यांपुढे सिमेंट, आणि मग खरोखरच चढ लागतो, पाणी पोटावर येतं, पुढे राखाडी उजेड दिसतो. काका येत नाहीत. "मला नाय जमत," त्यांचा आवाज येतो, "तुमी जावा." भाभी माझ्या हातात मोबाइल देते आणि उजेड त्या फटीकडे धरायला सांगते, आणि परत जाते. मी तो धरत नाही, आई. मी वळते आणि राखाडी उजेडाकडे चालायला लागते. तिनं काकांना केसांना धरून, नाक वर ठेवून अंधारातून आणलं. त्या अंधारात पाइपाच्या एका तुटक्या पट्टीनं तिचा पाय चिरला. पलीकडच्या रॅम्पवर, जो उंचावर आहे आणि कोरडा होता, लोकांनी त्या दोघांना ओढून घेतलं तेव्हा मी आधीच कुणाच्या तरी टॉवेलमध्ये चहा पीत बसले होते.

भाभीला साखर आहे. पाय चिघळला. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

पाणी उतरल्यावर मंडळाची पोरं आली. खालच्या सगळ्या मूर्तींचा चिखल झाला होता, पण ती मोठी मूर्ती छातीपर्यंत विरघळूनही तशीच उभी होती. तोंड शाबूत, डोळे शाबूत. पोरांनी फोटो काढले, ते गावभर फिरले. दुसऱ्या दिवशी मूर्ती ढासळून खाली बसली, पण तोवर गोष्ट तयार झाली होती. मूर्तिकार बाईनं जिवावर उदार होऊन बाप्पाला धक्का लागू दिला नाही. मंडळानं मला स्टेजवर बोलावून शाल दिली, नारळ दिला. निवेदकानं विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?" मी म्हटलं, "आमचे कामगार." काका पहिल्या रांगेत बसले होते. कार्यक्रम झाल्यावर ते माझ्याशी न बोलता रिक्षात बसले, आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांचं बरोबरच आहे.

भक्ती-बिक्ती काही नव्हती. नुकसानीची भीती होती म्हणावं, तर बाकीच्या मूर्ती विरघळताना मी पाहतच होते. खरं एवढंच की ते डोळे मला जमले होते. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या हातचं काही तुझ्या तोडीचं वाटलं होतं. मंडळानं अजून ती मूर्ती पाहिली नव्हती, कुणीच पाहिली नव्हती, आणि मला ती कुणीतरी पाहायला हवी होती. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी पाप म्हटलं. मला ठाऊक होतं की त्या शब्दापुढे भाभी हात मागे घेईल. दुसऱ्या कुठल्याही शब्दानं घेतला नसता.

गेल्या महिन्यात मी उरणला गेले. पाय बरा होईपर्यंत भाभी तिच्या बहिणीकडे राहायला गेली आहे. इतके महिने मी फोनवर विचारपूस करत होते, औषधं पाठवत होते, तोंड दाखवत नव्हते. तिनं दारातच माझा हात धरला. बुटात कापूस भरून कसं चालायचं ते दाखवलं, स्वतःच हसली. बहिणीनं चहा आणि नानखटाई आणली. आषाढात कामाला येते म्हणाली, "बसून खडे लावायला बोटं कुठं लागतात पायाची?" सगळं सोपं चाललं होतं. मग बहीण आत गेली आणि भाभी आवाज खाली करून म्हणाली, "ताई, एक विचारू? रागवू नका. तेव्हापासून डोक्यात आहे. मी ढकललं असतं, तर खरंच पाप लागलं असतं? तुमच्यात तसं असतं?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि तिला दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती. तुझं उत्तर माझ्या जिभेवर होतं. त्यासाठीच तर मी बसमध्ये बसले होते.

मी म्हटलं, "हो. लागलं असतं."

भाभीनं सुटल्यासारखा श्वास सोडला. "मग बरं झालं थांबले," ती म्हणाली आणि नानखटाईची बशी माझ्याकडे सरकवली, "घ्या ना, गरम आहे अजून." मी घेतली. खाल्लीही.

परतीच्या एसटीत मी स्वतःला समजावत होते की हे तिच्यासाठीच केलं. दोन बोटं उगाच गेली असं कशाला कळू द्यायचं माणसाला, गेली ती देवापायी गेली असं वाटलं तर दुःख हलकं होतं. पनवेल येईपर्यंत ते मला जवळजवळ पटलंही होतं. आषाढ आता जवळ आला आहे. ती येईल, माझ्यासमोर बसेल, डोळे काढायच्या आधी मूर्ती मागून घेईल, आणि डोळे झाले की ओढणी सावरून लंगडत बाजूनं जाईल. त्याआधी हे मी तिला सांगायला हवं. तुला लिहिलेलं उरणला जाऊन बोलायचं, बास, एवढंच काम आहे. पण तुला सांगणं सोपं आहे, आई. "मग माझी बोटं?" असं तू विचारणार नाहीस.