गाडी कोण चालवणार?

श्टायर,
७ मार्च २०१०

प्रिय बुर्गी,
धाकट्याचा नमस्कार, वि. वि.

खुर्चीत नीट बसून हे पत्र वाच, कारण बातमी मोठी आहे. कोठारातली जुनी कॅम्पर व्हॅन मी बाहेर काढली. रोस्विथा गेली तेव्हापासून तिच्यावर ताडपत्री होती. उंदरांनी गादीत संसार थाटला होता, त्यांना घर खाली करायला लावलं. पडदे धुतले. शेगडी पेटते. छप्पर अजूनही वर उचललं जातं, फक्त उचलताना माझ्या कमरेसारखा आवाज करतं.

जुलैमध्ये निघायचं. तुझ्या लीएन्त्सहून सुरुवात, मग डोलोमाइटचे घाट, मग स्टेल्व्हियो, तिथून स्वित्झर्लंड आणि शेवटी फुर्क्याचा घाट. लग्न झाल्यावर रोस्विथाला घेऊन मी तिथेच गेलो होतो. निघायचं म्हणजे तू आणि मी. नाही म्हणू नकोस. तुला काही करायचं नाही, नुसतं बसायचं आहे.

दोन गोष्टी लगेच कळव. तुझी उंची आता किती भरते, आणि कमरेपासून टाचेपर्यंत किती. शिवाय ते जाड तळव्याचे बूट अजून आहेत का? आणि जरा मोठ्या अक्षरांत लिही बाई, तुझं अक्षर म्हणजे साखरेवरच्या मुंग्या.

ओटिलीला एवढ्यात काही बोलू नकोस. पोरगी तिकडे ग्रात्समध्ये उगाच काळजी करत बसेल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
कोर्बी


लीएन्त्स,
१५ मार्च

चि. कोर्बिनियान यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आणि एक धपाटा, वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. जन्मात तू मला कधी शेजारच्या तळ्यापर्यंत फिरायला नेलं नाहीस, आणि आता एकदम आल्प्स? उंची कशाला हवी आहे? शवपेटी करतो आहेस का? तू सुतार होतास, म्हणून विचारते. तसं असेल तर ओक नको, साधा देवदार चालेल. मला मिरवायचं नाही.

आणि अक्षर माझं नाही, तुझं बिघडलंय. पानावर जेमतेम आठ ओळी, त्याही जाड शाईच्या, आणि शेवटची तर उतरून टेबलावर गेलेली दिसते. कोर्बी, तू पीत तर नाहीस ना? की कोणी बाई आहे? असली तर असू दे. रोस्विथा काही वरून डोळे वटारणार नाही. पण ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

एक आधीच सांगून ठेवते. टपालखात्याची प्रवासी बस मी उभा जन्म घाटात चालवली. निवृत्त झाले त्या दिवशी किल्ली ठेवली ती ठेवलीच. पण दुसऱ्याच्या शेजारी बसून घाट चढणं मला जमत नाही. माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत राहतो. तेव्हा मी येईनच असं धरून चालू नकोस.

उंची एकशे त्रेपन्न. बाकीचं माप सभ्य माणसं विचारत नाहीत. बूट आहेत.

जपून राहा, आणि खरं काय ते लिही.
तुझी,
बुर्गी


ग्रात्स,
२ मे

ती. बुर्गीआत्यास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, सरळच विचारते. बाबांना या वयात घाटांतून हिंडवायचं हे खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून? ईस्टरला घरी गेले तर अंगणात व्हॅन उभी, आणि बाबा म्हणाले, बुर्गीची फार इच्छा आहे, तिचं मन मोडवत नाही. आत्या, तू तुझ्या इच्छा अशा दुसऱ्याच्या गळ्यात घालणारी नाहीस हे मला माहीत आहे, पण ते शपथेवर सांगत होते.

घरात काहीतरी शिजतंय एवढं नक्की. व्हॅनची उजवी बाजू दारापासून मागच्या चाकापर्यंत खरवडली आहे. विचारलं तर म्हणाले, गाईने अंग घासलं. त्या ओरखड्यात पांढरा रंग आहे, आत्या. श्टायरमध्ये गाईंना रंग लावतात असं मी तरी ऐकलेलं नाही. दुपारी जेवायला बाहेर गेलो तर त्यांनी मेनूकार्डाला हात लावला नाही. तू मागवशील तेच मला, म्हणाले. मी मुद्दाम यकृताचे गोळे घातलेलं सूप मागवलं. ज्या माणसाने आयुष्यभर त्या गोळ्यांच्या नावाने नाक मुरडलं, तो मुकाट्याने गिळत बसला.

आणि निघायच्या आधी त्यांना फोनवर बोलताना ऐकलं. जुलैपर्यंत तिला कळता कामा नये, कळलं तर सगळं ओमफस. ही "ती" कोण? मी की तू? मला वाटतं ते गुपचूप घर विकताहेत आणि त्या व्हॅनमध्येच राहायला जाणार आहेत. तुला काही माहीत असेल तर माझ्यापासून लपवू नकोस. मला आता तुमच्या दोघांचाही भरवसा वाटेनासा झाला आहे.

तुझी काळजीत पडलेली,
ओटिली


लीएन्त्स,
६ मे

चि. ओटिलीस,
आत्याचे आशीर्वाद, वि. वि.

माझी इच्छा? मी तर अजून हो म्हटलेलं नाही! म्हणजे तो मला सांगतो ओटिलीला बोलू नकोस, आणि तुला सांगतो बुर्गीचा हट्ट आहे. लहानपणी जॅमची बरणी फोडून मांजरावर नाव घालायचा, तोच हा.

पत्राने विचारलं तर तो पत्रानेच थाप मारील. मी न कळवता जाते. तू फोन करून त्याला सावध करू नकोस, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.

बुर्गीआत्या


श्टायर,
११ मे

चि. ओटिलीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

आधी हे वाच, मग रड, आणि मग बापाला फोन कर. हा क्रम मोडू नकोस.

मी काल दुपारी पोचले. दार उघडंच होतं. कोर्बी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. मी उंबऱ्यात उभी राहिले, म्हटलं, बघू चेहरा कसा पडतो ते. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, छान हसला, आणि म्हणाला, या मिटरमायर बाई, अंडी तिथे बाकावर ठेवा.

ओटिली, चार पावलांवर मी उभी होते. उजेड माझ्या तोंडावर होता.

मी एक पाऊल पुढे टाकलं. तेव्हा त्याने मान जरा वाकडी केली, पाखरू करतं तशी, कडेने पाहिलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. म्हणाला, बुर्गी, तू अंडी आणलेली दिसत नाहीस.

त्याच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. दोन्ही डोळ्यांचा. कडेचं अंधुक दिसतं, समोर बघावं तिथे डाग. डॉक्टरने गेल्या शरद ऋतूतच सांगितलं होतं की आता हे परतणार नाही, आणखी वाढेल. आणि हा गाढव तरीही फेब्रुवारीत व्हॅन घेऊन गॅरेजकडे निघाला. स्वतःच्याच फाटकाला घासला. वर मला सांगतो, फाटक लागलं ते बरं झालं, नाहीतर पुढे शाळेचा रस्ता होता. त्यानंतर त्याने किल्लीला हात लावलेला नाही, आणि हे मी गॅरेजवाल्याला विचारून पक्कं केलं. फोनवर बोलत होता तो त्याच्याशीच.

आणि "ती" म्हणजे मी. मला ओढत व्हॅनपाशी नेलं. ड्रायव्हरची जागा अगदी पुढे घेतलेली, पाठीशी उशी शिवलेली, क्लच आणि ब्रेकवर लाकडी ठोकळे बसवलेले. माझ्या मापाचे. मी बसले तर पाय बरोब्बर टेकले. जुलैत माझ्या दारी व्हॅन आणून उभी करायची, ती गॅरेजवाला आणणार होता, आणि ऐनवेळी म्हणायचं, कंबर धरली, आता तूच चालव. असा बेत!

मी इतकी ओरडले की खरी मिटरमायर बाई कुंपणाशी आली. मी म्हटलं, सरळ विचारायला तोंड नव्हतं का? तर म्हणाला, सरळ सांगितलं असतं तर तुम्ही दोघी सूप घेऊन धावत आला असता, मला शाल गुंडाळली असती, आणि ओटिलीने कुठल्यातरी चांगल्या संस्थेचं नाव काढलं असतं. मला नर्स नको होती. ड्रायव्हर हवी होती. थोडं दिसतंय तोवर एकदा वर जायचं आहे, एवढंच.

मी रात्रीचं जेवण त्याच्याशी न बोलता जेवले. सकाळी त्याचं लायसन्स मागितलं. त्याने कुरकुर न करता दिलं. मग मी व्हॅन सुरू केली. क्लच दगडासारखा आहे.

आता तू म्हणशील, आत्यालाही वेड लागलं. लागू दे.

तुझी,
बुर्गीआत्या


श्टायर,
२० जून

चि. ओटिलीस,
बाबांचे खूप खूप आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू माझ्यापेक्षा जास्त रडलीस, म्हणून हे लिहितो. ओळी वाकड्या गेल्या तर आता कारण सांगायची गरज नाही, ही एक सोयच झाली.

तुझी आत्या दुसऱ्यांदा येऊन राहिली आहे आणि रोज माझ्यासकट व्हॅन गावाबाहेरच्या चढावर नेते. शेजारी बसून मी काही सुचवलं की म्हणते, चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते, वाचता येत नसेल तर ऐका.

पण तुम्ही दोघी हल्ली फोनवर फार हळू बोलता. काल मी खोलीत आलो तर आत्या एकदम हवापाण्यावर आली. तेव्हा तुला विचारून ठेवतो. ती मला खरंच फुर्क्याला नेणार आहे ना? की वाटेत एखाद्या नीटनेटक्या फाटकाशी गाडी थांबेल आणि पांढऱ्या कपड्यांतली बाई म्हणेल, या, आम्ही वाटच पाहत होतो? माझा संशय खोटा असेल तर रागावू नकोस. मीच थापा मारल्या, आता मलाच सगळ्यांच्या थापा ऐकू येतात.

लोभ आहेच, थोडा विश्वासही पाठवून दे.
तुझा बाबा


ओबरवाल्ड, फुर्क्याच्या पायथ्याशी,
१६ जुलै

चि. ओटिलीस,
आत्याचे आशीर्वाद, वि. वि.

पोचलो, चढलो, उतरलो. व्हॅन स्टेल्व्हियोवर दोनदा तापली. दोन्ही वेळा आम्ही कडेला बसून चीज खाल्लं आणि मागच्यांचे हॉर्न ऐकले. तुझ्या बापाचा संशय इटलीची सरहद्द ओलांडेपर्यंत गेला नव्हता. प्रत्येक फाटकाशी मान वाकडी करून बघायचा.

मी इतकी वर्षं घाटात काढली पण डोंगर पाहिले नाहीत, हे मला या वाटेवर कळलं. काय दिसतंय सांग, असं त्याने पहिल्या घाटात विचारलं आणि मी म्हटलं, डोंगर. तो भडकला. म्हणाला, पगार घेऊन वर जात होतीस आणि एवढंच पाहिलंस? मी काय सांगू? मी रस्ता पाहत होते, माझ्या पाठीशी चाळीस माणसं असायची. मग प्रत्येक माथ्यावर गाडी बंद करून मी बाहेर उभी राहिले आणि त्याला सांगत गेले, हे टोकदार, हे सपाट, इथे सावली, तिथे गाई. तो बरं म्हणायचा तेव्हाच पुढे जायचं.

आज फुर्क्याच्या त्या मोठ्या वळणावर थांबलो. तो म्हणाला, इथलं तू सांगू नकोस, मी सांगतो. तू फक्त हो की नाही म्हण. आणि हात लांब करून सांगायला लागला. समोर कडा आहे. कड्यावरून बर्फाची नदी खाली लोंबते आहे, पार रस्त्याजवळ. रोस्विथा म्हणाली होती, कोणी दुलई वाळत घातली आहे बघ. आणि भेगांच्या आत निळं.

ओटिली, तिथे काही नव्हतं. उघडा, ओला दगड. खाली राखी पाण्याचं डबकं. बर्फ मागे कुठेतरी वर सरकलेलं, मळकं, आणि त्याच्या एका कडेवर ते वितळू नये म्हणून लोकांनी पांढरी कापडं घातलेली.

मी म्हटलं, हो.

निळं आहे? त्याने विचारलं.

मी म्हटलं, निळं आहे.

त्याने मान वाकडी करून कडेने बराच वेळ पाहिलं. म्हणाला, मला तर सगळं करडंच दिसतंय. डोळेच मेले असे झाले. मग माझा हात धरून म्हणाला, तुला बरोबर आणलं तेच बरं केलं बुर्गी. ओटिली असती तर माझं मन राखायला काहीही हो म्हणाली असती. तू तोंडावर सांगणारी.

मी गाडीत जाऊन बसले, आणि गाडी सुरू करायला मला थोडा वेळ लागला.

तो आता बाहेर खुर्ची टाकून शेजारच्या तंबूतल्या लोकांना ती निळी दुलई वर्णन करून सांगतो आहे. ते बिचारे सकाळीच वर जाऊन आलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलू नका अशी मान हलवली, आणि ते गप्प ऐकताहेत.

तुला कधी विचारलंच, तर तूही निळंच सांग.

तुझी,
बुर्गीआत्या