हुसेनमियाँचं दुखणं

पौष वद्य ३, फसली १३५४. नांदेड.

हैदराबादहून आल्यापासून आज प्रथमच आरशात नीट पाहिलं. डोळ्यांतला पिवळेपणा गेलाय. खाज नाही. टाके सुकले. कोर्टातल्या माझ्या हितचिंतकांची फार निराशा होणार. पित्ताच्या वाटेत खडा होता, तो काढला. सौ.ने बाटलीत घालून फडताळात ठेवलाय. हरभऱ्याएवढा. येईल त्याला दाखवतो. काल अडकित्त्याने एका कडेचा टवका उडवून पाहिला, आतून पिवळा.

तिथल्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर लातूरचे हुसेनमियाँ होते, शेरवान्या शिवणारे. त्यांचंही पोट त्याच डॉक्टरने, त्याच आठवड्यात उघडलं. त्यांना मात्र गाठ निघाली, स्वादुपिंडावर. सरतान. इंग्रजीत कॅन्सर. पित्ताला दुसरी वाट काढून दिली नि पोट शिवून टाकलं. कावीळ तेवढी उतरली, म्हणून गडी खूश. त्यांच्या लेकीने, जैनबने, सौ.ला रडत सांगितलं. मियाँना वाटतं आपल्यालाही खडाच होता. त्यांना कळू द्यायचं नाही अशी सौ.ने मला शपथ घातलीय. बरं.

लातूरला न जाता मियाँ इथेच लेकीकडे राहिलेत, इतवारा मोहल्ल्यात.

पौष वद्य ६

मियाँ काठी टेकत आले. चेहऱ्याची पार रया गेलीय. माझी शेरवानी खुंटीवर होती, ती अंगात घालायला लावली आणि म्हणाले, सैल झाली, आत घेऊन देतो. मरणाऱ्या माणसाला आपला काही उपयोग आहे असं वाटू द्यावं, म्हणून उभा राहिलो. छातीभोवती फीत धरून माझ्याकडे असं काही बघत होते की हसू आवरेना. मुडद्याने वैद्याची नाडी बघावी तसं.

गेल्यावर सौ.ला नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. तिला विनोद कधीच कळत नाही.

पौष वद्य १०

जैनब रोज येते. शिजवलेलं आमच्याकडे चालत नाही म्हणून लिंबं, पेरू आणते. मागच्या दाराशी दोघींचं कुजबुजणं चालतं. सौ. रडून राहिली होती. म्हटलं, दुसऱ्याच्या घरचं दुःख पदरात किती बांधून घ्यायचं याला माप असावं.

कोर्टातले पेशकार भेटायला आले. खडा दाखवू म्हटलं तर बाटली जागेवर नाही. सौ. म्हणाली, भाऊजींनी डॉक्टरला दाखवायला नेली. दत्तूला विचारलं तर हो हो करत राहिला. धाकट्या भावाला एक काम धड येत नाही. दुपारी बाटली परत जागेवर.

पौष अमावास्या

संक्रांत. तिळगूळ खाल्ला तो पोटात राहिला नाही. पाठ दुखतेय, आतून, कमरेच्या वर. थंडी बाधली.

मियाँनी लोड मांडीवर घेऊन पुढे वाकून कसं बसायचं ते दाखवलं. तसं बसल्यावर बरं वाटलं. विटकर तापवून कापडात गुंडाळायची, हेही त्यांनीच सौ.ला शिकवलं. दोघे समोरासमोर लोडावर ओणवे बसलो होतो. दत्तू आत आला नि तसाच मागे फिरला.

माघ शुद्ध ४

पाठीने जीव खाल्ला. कोर्टात उभं राहवेना, तारीख मागून घेतली. विरुद्ध बाजूच्या वकिलाने हरकतसुद्धा घेतली नाही. हा माणूस माझ्याशी कधी चांगुलपणाने वागल्याचं आठवत नाही. राग आला.

मियाँनी आपल्या अफूच्या गोळीचा अर्धा तुकडा मोडून दिला. "एकल्यानं सोसू नका, वकीलसाब. मी हाय ना." घेतला. झोप लागली. पण ज्याचे दिवस भरलेत त्याच्याकडून दया घ्यायची म्हणजे लाज वाटते.

माघ शुद्ध ८

न सांगता मियाँकडे गेलो. जैनब मला दारात पाहून पांढरी पडली. मियाँ मात्र खुलले. उशाखालून बाटली काढून म्हणाले, "तुम्हाला दाखवला न्हाई कधी. माझा खडा."

कडेला टवका. माझ्या अडकित्त्याचा.

बाटली त्यांच्या हातात परत दिली नि निघालो. वाटेत विचार केला तेव्हा सौ.बद्दल अभिमान वाटला. त्या बिचाऱ्याला धीर यावा म्हणून माझा खडा त्याच्याकडे धाडते! माझ्यापासून लपवायचं काय होतं? मी काय नाही म्हटलं असतं?

माघ शुद्ध ९

काल घरी येऊन सौ.ची तारीफ केली. तिच्या हातातलं ताट खाली पडलं. उलटतपासणीची सवय, मी थांबलो नाही. म्हटलं, लपवाछपवी कशाला, त्यांच्यासाठी दुसरा एखादा खडा आणायचा होता.

ती म्हणाली, "एकच मिळाला."

मग सगळं सांगितलं. बायकांच्या वॉर्डात किनवटची एक बाई होती, खडा तिच्या पोटातला. तिने फेकायला दिलेला या दोघींनी मागून घेतला. गाठ आम्हा दोघांनाही. सौ. आणि जैनब, दोघींनी दवाखान्याच्या व्हरांड्यात ठरवलं. मला सांगायचं गाठ मियाँला आहे, मियाँला सांगायचं गाठ वकिलाला आहे. म्हणजे दोघे एकमेकांची काळजी करत बसतील, स्वतःची करणार नाहीत. बाटली ओटीत घालून ही इकडे, ती तिकडे.

किनवटची बाई बरी होऊन घरी गेली, हेही सौ.ने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

माघ शुद्ध ११

मी मरणार. दोन दिवस हेच. सौ.ला नाही नाही ते बोललो. बोलू नये ते तिच्या आईबापावरूनही बोललो. ती भिंतीला टेकून उभी होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही महिनाभर हसत होतात हो. मला तेवढंच पाहिजे होतं." त्यावर मी बाटली फेकून मारली. तिला लागली नाही. लागली असती तरी चाललं असतं, असं त्या घडीला वाटलं. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

आणि तो शिंपी! फीत धरून माझी छाती मोजत होता, माझी कीव करत होता. मी त्याची करत होतो त्यापेक्षा जास्तच. उद्या जातो आणि सांगतो. एकट्याने का मरू?

माघ शुद्ध १३

जाण्याआधी जैनबच आली. मियाँ लातूरला निघालेत. ईदची कामं घेऊन दुकान उघडणार, परवा अहमदपूरच्या मोटारीने. पायावर उभं राहवत नाही, पण ऐकत नाहीत. म्हणतात, मी बरा झालो. रस्त्यातच जातील, ती म्हणाली.

"तुमचंच ऐकतील, वकीलसाब. म्हणा, माझे दिवस भरत आले, मला सोडून जाऊ नका. तुमच्यासाठी थांबतील."

मी म्हटलं, तुझ्या बापाने खोट्यावर जगावं म्हणून मी माझं मरण गहाण टाकू? ती म्हणाली, त्यात तुमचं खोटं कुठं हाय. आणि मग स्वतःच घाबरून तोंडावर पदर घेतला. सौ.ने तिला आत नेलं.

त्यांना गाठीचं खरं सांगितलं तरी ते थांबतील. तेही तितकंच सोपं आहे.

माघ पौर्णिमा

गेलो. दत्तूच्या खांद्यावर हात टाकून. मियाँ गाठोडं बांधत होते. कात्री, फीत, खडूचा डबा. मला बघून खुर्ची पुसली.

सांगायचं ते तोंडाशी आणून बसलो होतो. त्यांची मान पाहिली. कॉलरमधून दोरीसारख्या शिरा. म्हणालो, "मियाँ, मी जगत नाही. मला आता कळलंय. थांबा."

आयुष्यात कुणाची विनवणी केली नव्हती. बोलताना रडलो, आणि ते नाटक नव्हतं.

त्यांनी गाठोडं सोडलं. माझ्या शेजारी जमिनीवर बसले, पाठीवर हात फिरवत राहिले. "न्हाई जात. तुम्हाला टाकून कुठं जातो मी. तुमच्यामागं वहिनीला भावासारखं बघीन, अल्लाची शपथ." जैनब चुलीशी पाठ करून बसली होती. तिने पाणी आणलं. मी ते प्यालो.

मग म्हणाले, "वहिनीनं लई दिवस लपवलं तुमच्यापासून. मला माहीत होतं, बोललो न्हाई. माफ करा. माझी जैनब तसलं करायची न्हाई, खोटं बोलायला लागली की तिचे हात कापतात." असं म्हणून त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. पेला परत घ्यायला ती पुढे आली होती.

पेला घेऊन तिने हात पदराआड नेले.

मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "न्हाई ना करायची, वकीलसाब?"

दम लागलाय म्हणालो. दत्तूने मला उठवलं. मियाँ दारापर्यंत आले. म्हणाले, उद्या सकाळी घरी येतो, तेव्हा सांगा.