आमच्या भाषेतली दहा मिनिटं

३ नोव्हेंबर १९७२
आज पुन्हा फ्रेंच बातम्यांची टेप लावली. कोणासाठी? गावात फ्रेंच कळणारे एकटे चर्चचे पाद्री, आणि ते गेलेत मॉन्ट्रियलला! उत्तरेच्या बर्फातलं हे सगळं गाव आम्हा इनुइटांचं, पण रेडिओवर आमची इनुक्टिटुट बोलायची बंदी. स्टेशनच्या हॅडलीसाहेबाला म्हटलं, दहा मिनिटं तरी आमची द्या. "नीवी, कॅनडाच्या भाषा दोनच."
मग आम्ही काय भुंकतो?

४ नोव्हेंबर
बाबा आजही माझ्याशी बोलले नाहीत. मी दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या शाळेतून परतले आणि गोऱ्यांच्या रेडिओवर लागले, तेव्हापासून हे असंच. सीलचं मांस पुढे सरकवतात, तोंड फिरवतात. फिरवू देत!

७ नोव्हेंबर
दुपारी तार आली — वारा फिरणार, खाडीतला बर्फ तुटणार. पुरुष शिकारीला निघायच्या तयारीत. हॅडली म्हणाला, "इंग्रजीत वाच, मग फ्रेंच टेप." शेजारच्या कौनाकआजीच्या शिकारी मुलांना इंग्रजी कुठलं कळायला! टेप बंद केली. माइक ओढला, आमच्या भाषेत सांगितलं — खाडीत जाऊ नका, किनाऱ्यालगतचा बर्फ पक्का आहे, तिथूनच जा.
हॅडली लालबुंद. "उद्यापासून येऊ नकोस!"
येणार!

८ नोव्हेंबर
गेले. मागोमाग कौनाकआजी आणि बऱ्याच बायका, पाठीवर पोरं घेऊन. स्टुडिओत फतकल मारून बसल्या. हॅडली — "हा काय प्रकार?" आजी मला म्हणाली, "सांग त्याला, इथं छान ऊब आहे. आणि म्हणावं, चहा टाक." शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला! एकही हलली नाही. एक पोर माइकच्या तारेवर मुतलं, तेव्हा कुठे साहेब नमला.
"बरं. दहा मिनिटं. फक्त दहा!"

९ नोव्हेंबर
पहिल्याच दहा मिनिटांत मी बर्फाचा इशारा पुन्हा देत होते. दार उघडलं — बाबा! माइक स्वतःकडे वळवला. "ऐका रे. माझी मुलगी आपल्या भाषेतला शब्द चुकली. ती ज्याला पक्का म्हणते, तो बर्फ माणूस पेलत नाही. परवापासून किनाऱ्यावर उभा राहून मी एकेकाला मागे फिरवतोय."

मग इतक्या वर्षांनी माझ्याकडे बघून म्हणाले, "सरक. मी सांगतो, तू म्हण."