सांदवाडीतली केबिन

पिंपळदरा, ता. नरखेड
१२ फेब्रुवारी १९८४

चि. गोपिकास काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. संत्री उतरली. तुझी आई गुडघे सोडून बरी आहे.

पत्रास कारण की, मागच्या आठवड्यात नागपूरला गेलो होतो. तिथल्या सदर भागात एका दुकानापुढे तयार खोली ठेवलेली पाहिली. भिंती, छप्पर, दार, खिडकी, सगळं कारखान्यातून येते आणि एका दिवसात नटबोल्टांनी उभं होते. वाटेल तेव्हा उचलून दुसरीकडे नेता येते. पोर्टा केबिन म्हणतात. आपल्या तालुक्यात अजून कोणाकडेच नाही. घरामागच्या सांदवाडीत, विहिरीच्या बाजूला, एक बसवून घ्यावी असं ठरवलं आहे. बागेचा सौदा करायला व्यापारी येतात, त्यांना बसायला ऑफिस होईल. आमच्या पोराचं, रुपरावचं लग्नही मे महिन्यात धरून आहो. पाव्हणेमंडळी पाहतील की या घरात नवा जमाना आला.

तू पॉवर हाउसच्या बांधकामावर ओव्हरसिअर झाली. मुलीच्या जातीला सिमेंटचं काय काम, हे मी तुझ्या बाबाला तो असतानाच म्हटलं होतं. झालं ते झालं, आता घराला उपयोग तरी होऊ दे. एखाद्या रविवारी सदरला जाऊन कोणती घ्यावी ते कळव. रंग निळा बरा की पिवळा, हे विशेष पाहा. तुझ्या आईचीही काही हरकत नाही.

आशीर्वाद आहेतच, ते टिकतील असं वाग.
तुझा काका,
चंपतराव


खापरखेडा
२६ फेब्रुवारी १९८४

ती. काकांस गोपिकाचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आज सदरला जाऊन केबिन पाहिली. रंगाबद्दल शेवटी लिहिते, कारण त्याचं महत्त्व तेवढंच आहे.

विक्रेत्यानं मला खुर्ची दिली आणि साहेब कधी येणार असं विचारलं. ओव्हरसिअर मीच आहे म्हटल्यावर त्यानं पडद्यांचे नमुने काढले. मी टेप काढला. कॅटलॉगमध्ये बारा बाय दहा फूट लिहिलं आहे, ते बाहेरून. आतून अकरा फूट चार इंच बाय नऊ फूट चार इंच भरते. लोखंडी अँगलचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून हार्डबोर्ड. दोन प्रकार आहेत. पहिल्यात पत्रा आणि हार्डबोर्ड यांच्यामध्ये काहीच नाही. दुसऱ्यात उष्णता अडवायला काचेच्या तंतूंची गादी भरलेली आहे. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, मग जास्तीचा खर्च काहून करता, असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याला हा मुद्दा वाटत होता.

आमच्या साइटवर पहिल्या प्रकारच्या तीन केबिनी आहेत. त्यांत नकाशे राहतात. माणसं बाहेर कडुनिंबाखाली बसतात.

व्यापाऱ्यांना सकाळचे दोन तास बसवण्यापुरता पहिला प्रकार चालेल. माणूस दिवसभर आत राहणार असेल तर माझं उत्तर वेगळं आहे. कोण बसणार आणि किती तास, हे कळवावं. रंग पिवळा. त्यावर आपल्याकडची धूळ कमी दिसते.

लोभ आहे तेवढा असू द्यावा.
आपली,
गोपिका


पिंपळदरा
९ मार्च १९८४

चि. गोपिकास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. हेडमास्तरचा शेरा आला असं वाटलं. कोण बसणार, किती तास, हे प्रश्न तुझ्या ऑफिसात विचारत जा. मी पहिल्या प्रकाराची ऑर्डर देऊन मोकळा झालो. रंग निळा. बाहेरून सारखीच दिसते तर आतली गादी कोण फाडून पाहते?

आता एवढंच कर, आतल्या मांडणीचा एक नकाशा काढून पाठव. सहा बाय तीनची बाज मावली पाहिजे. एका कोपऱ्यात देव ठेवायला फळी. चूल नको, स्टोव्हपुरती जागा. पायरी होईल तितकी बुटकी, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता आलं पाहिजे. न्हाणी विहिरीजवळ आहेच.

जास्त अक्कल न चालवता काम करावं, हाच आशीर्वाद.
चंपतराव


खापरखेडा
१४ मार्च १९८४

ती. आईस गोपिकाचा सा. न. वि. वि.

काकांनी केबिनचा नकाशा मागितला आहे. त्यात संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी बाज, स्टोव्ह आणि देवाची फळी हवी आहे. यातला कोणता व्यापारी गुडघ्यांनी अधू आहे, ते तू मला कळव.

सरळ विचारते. ती खोली तुझ्यासाठी आहे का? आणि तू हो म्हणालीस का? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिही. तोवर नकाशा पाठवत नाही.

तुझी,
गोपिका


पिंपळदरा
२५ मार्च १९८४

गोपे, तुले आईचा आशीर्वाद.

तुह्या पह्यल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचंबी हो.

रुपरावची बायको येईन तं तिले खोली पाह्यजे. समोर दोन खोल्या, एक तुही काकी गेल्यापासून एकट्या भाऊजीची अन् एक माही. भाऊजी म्हणे, वहिनी, तुमाले निवांत जागा करून देतो, नवीकोरी, वरून पंखा. मी बरं म्हणलं. काहून म्हणलं विचारशीन. तुहे बाबा गेल्यावर बारा वर्सं याच घरात जेवून राहिली. तुह्या शिक्षणाची फी त्याईनंच भरली. अन् लग्नाच्या घरात मीच तोंड वाकडं करावं काय?

डबा परवा ट्रकात आला. चार माणसायनं सांजच्यापरी उभा केला. सारं गाव पाह्यले लोटलं. शेजारची रंभाबाई म्हणे, रुखमाबाई, तुमचा दीर तुमाले बिस्किटाच्या डब्यात ठेवून वरून झाकण लावते काय वं? मी म्हणलं, लावू दे, नरम तं पडनार नाही. भाऊजीनं नारळ फोडला अन् डब्याचे चारी पाय सिमेंटात गाडून टाकले. चोर उचलून नेईन म्हणे.

पाडव्याले माही बाज तिकडं नेतीन. तू येऊन भांडू नको. मी राहीन तशी.

माया तुह्यावर हायेच, सांगाले नाही पाह्यजे.
तुही आई


खापरखेडा
८ एप्रिल १९८४

ती. काकांस सा. न. वि. वि.

आपण घेतली त्याच प्रकारच्या आमच्या केबिनमध्ये आज काँक्रीटच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर टांगला. दुपारी तीन वाजता बाहेर सावलीत एक्केचाळीस अंश, आत सत्तेचाळीस. पंखा लावून पाहिला, सत्तेचाळीसच. पंखा आहे तीच हवा फिरवतो. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पंचेचाळीस होतात. बेरीज आपण करावी. आई पंचावन्न वर्षांची आहे.

हलवता येते म्हणून खोली घ्यायची आणि तिचे पाय सिमेंटमध्ये पुरायचे, असं करणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता, आणि इथे साइटवर दीड हजार माणसं आहेत. नकाशा मी पाठवणार नाही. आईची बाज तिच्या खोलीत परत न्यावी. ही विनंती समजू नये.

लोभाबद्दल या पत्रात काही लिहीत नाही.
गोपिका


पिंपळदरा
१५ एप्रिल १९८४

चि. गोपिकास,

तुझ्या आईला उन्हाची सवय आहे. तिनं भर उन्हात कापूस वेचला आहे. थर्मामीटर तुझ्या सिमेंटला लाव. २२ तारखेला शोभाच्या, म्हणजे आमच्या होणाऱ्या सुनेच्या घरची मंडळी घर पाहायला येऊन राहिली. तू नाही आली तरी चालेल.

चंपतराव


पिंपळदरा
२४ एप्रिल १९८४

गोपे, तुले आशीर्वाद.

पाव्हणे भर बारा वाजता आले. आपल्यात पोरीची माय घर पाह्यले आली की पह्यले घरच्या मोठ्या बाईच्या हातचं पाणी पेते, मंग चूल पाह्यते, हे तुले ठाऊक हाये. भाऊजीच त्या गडबडीत इसरले. शोभाची माय कुसुमताई इचारे, मोठी बाई कुठी हाये? भाऊजी म्हणे मांगं हाये, बोलावतो. त्या म्हणे बोलावता कायले, मीच जातो, अन् सरळ सांदवाडीत आल्या.

मी डब्यात पदरानं वारा घेत बसली होती. बाई आत येऊन माह्या बाजीवर बसली. मी पाणी देल्लं. तांब्या गरम, पाणीबी गरम. तिनं सारं पेलं. निघताना दाराच्या पत्र्याले हात टेकला अन् चटका बसला तशी हात झटकतच भाईर आली. साऱ्याईच्या देखत भाऊजीले म्हणे, भाऊ, आज थोरल्या भावजयीले इथं ठेवलं, उद्या आमची शोभी बुढी झाल्यावर तिलेबी इथंच ठेवसान काय?

भाऊजीचं तोंड उतरलं. म्हणे, नाही नाही, हे तं नवरा-नवरीसाठी मांडली, नव्या पद्धतीची, वहिनी जराशा पाह्यले बसल्या होत्या. कुसुमताई म्हणे, मंग तं लय चांगलं, जावईबुवाले आत बसवा, आमचं जेवण होऊ द्या. रुपराव गेला बिचारा. पानावर वरण पडलं नव्हतं तं शर्टाच्या बटना खोलत भाईर. बाया पदरात तोंड घालून हासल्या. मंग कुसुमताईच्या भावानं माही बाज उचलून माह्या खोलीत आणून टाकली, तवा कुठी मंडळी जेवली.

आता रुपराव अन् शोभा भाऊजीच्या खोलीत राह्यतीन. भाऊजी डब्यात. माह्यासंग बोलत नाही. लग्न होऊ द्या, मंग पाहून घेतो, असं म्हणत होते म्हणे. रंभाबाईनं आयकलं.

तू जेवत जाय टायमावर. बाकी देव पाह्यते.
तुही आई


खापरखेडा
२९ एप्रिल १९८४

ती. आईस सा. न. वि. वि.

कुसुमताईंनी पाण्याच्या एका तांब्यात जे केलं ते माझ्या थर्मामीटरला जमलं नाही. हे मान्य करते.

आणखी एक मान्य करायचं आहे. काकांच्या पहिल्याच पत्रात, तुझी हरकत नाही, असं वाक्य होतं. व्यापाऱ्यांच्या ऑफिसला तुझी हरकत कशाला असेल, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी हार्डबोर्ड मोजत बसले आणि पहिला प्रकार चालेल असं लिहून दिलं. काका मूर्ख आहेत, त्यांची चूक समजते. मी मूर्ख नाही, म्हणून माझी जास्त आहे.

लग्न झाल्यावर पाहून घेतो, हे मी खरं धरते. गुरुवारी अर्धी रजा घेऊन एस. टी. नं गावच्या ग्रामपंचायतीत आले होते. तुला भेटले नाही, कारण भेटले असते तर तू मला थांबवलं असतंस. घराचा नमुना आठ, म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे तो उतारा, काढून पाहिला. काकांच्या शेजारी अजून बाबांचं नाव आहे. त्यांच्या जागी वारसांची नावं लावा, असा अर्ज बारा वर्षांत कोणी केलाच नाही. तो अर्ज सोबत आहे. माझी सही झाली आहे. तुझी जागा रिकामी आहे. तुझ्यासाठी ती मला करता येत नाही, आणि करता आली असती तरी केली नसती.

फी काकांनी भरली हे मी विसरलेले नाही. त्याची परतफेड तुझ्या खोलीनं होणार नाही, माझी मी करीन. सही करायची नसेल तर कागद फाडून टाक. पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
गोपिका


पिंपळदरा
६ मे १९८४

गोपे, तुले आईचा आशीर्वाद.

तीन रोज कागद उशाखाली ठेवला. नीज नाही लागली. चवथ्या रोजी सकाळी भाऊजी जेवाले बसले, मी वाढून राहिली होती. म्हणलं, भाऊजी, घरावर माह्यं नाव लावून राहिली, आज पंचायतीत चालली. घास हातातच राह्यला. म्हणे, वहिनी, मी तुमाले कधी काही कमी पडू देल्लं काय? म्हणलं, नाही पडू देल्लं, म्हणून तं सांगून चालली, चोरून नाही. अन् आणखी एक पोळी वाढली. खाल्ली त्याईनं. काय करतीन, भूक लागली होती.

पंचायतीतला बाबू शाईची डबी माह्यापुढं सरकवून म्हणे, बाई, अंगठा द्या, चालते. मी त्याले म्हणलं, तुले चालते, मले नाही चालत. पेन मागतला. अन् नाव पुरं लिहिलं.

तुही आई,
रुखमाबाई